एका माणसाएवढा प्रश्न

“प्रश्न गाळत गेलीस की तळाला एक माणूस उरतो. त्याला विचारल्याशिवाय लिहू नकोस हं,” मॅडम बजावत होत्या, तेव्हा मी वहीच्या कोपऱ्यात फुलं काढत होते.

माझ्या निबंधाचा विषय होता स्त्रियांचा एकटेपणा. त्यावरचं एकुलतं एक पुस्तक घेऊन वाचनालयात तो उभा होता. मागच्या बाकावरचा, ज्याला आम्ही मौनीबाबा म्हणायचो.

“हे मला हवंय.”

“घे. किती पानं लिहायचीत?”

“वीस.”

“वीस पानांत जगभरच्या बायका? दाटीवाटीनं बसवाव्या लागतील.”

“मग तूच सांग, शहाण्या!”

“कुणाचा एकटेपणा? कधीचा? ओळखायचा कशावरून?”

मौनीबाबा भलताच बोलका निघाला. रोज दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर मी प्रश्न लिहायचे, तो पेन्सिलीनं जास्तीचे शब्द खोडायचा. पेन्सिल एकच होती… देता-घेता बोटं लागायची. मी मुद्दाम दोन शब्द जास्त लिहू लागले.

एकदा तो खोडायचं थांबला. “ताईला बाळ झालं ना… घरभर माणसं. दूध पितं का, झोपतं का, सगळं विचारतात. परवा म्हणाली, ‘मी या घरात नुसती दुधाची बाटली झालेय रे.’ कुणाला सांगू नकोस.”

“छे!” मी म्हटलं.

आणि मला प्रश्न सापडला – पहिल्या बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत भेटायला येणारे आईबद्दल काय विचारतात? चार आयांशी बोलले. पण निबंधाचं पहिलं वाक्य ताईचं ठेवलं. नाव नाही घातलं, तेवढ्यावर मनाची समजूत घातली.

वर्गात वाचला. टाळ्या पडल्या. ताईची नणंद आमच्याच वर्गात बसायची, मी रोज कुणाबरोबर अभ्यास करते ते तिला दिसायचं, हे मला ठाऊक होतं. टाळ्यांच्या हव्यासात ते मी नजरेआड केलं. संध्याकाळपर्यंत ताईच्या सासरी सगळ्यांना कळलं होतं. “आम्ही हिची बाटली केली म्हणे!”

तो एवढंच म्हणाला, “तुला प्रश्न मिळाला ना?” खिडकीजवळची खुर्ची आठ दिवस रिकामी राहिली.

नवव्या दिवशी ताईच्या दारात उभी राहिले. माफी पाठ करून गेले होते. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून भलतंच तोंडून गेलं, “ताई, तुम्ही जेवलात का?”

ती बघतच राहिली. मग म्हणाली, “मी रागावलेय. अजून बरेच दिवस रागावणार आहे. पण याला घे जरा, मी केस धुऊन येते.”

तेवढ्यात तो आला. माझ्या खांद्यावर बाळ टाहो फोडत होतं, मीही रडत होते.

“मला… माफ करशील?”

“आज नाही.”

“उद्या विचारू?”

“विचार.”

“आणि परवा?”

त्यानं बाळाचं डोकं सावरलं. हात माझ्या हातावर तसाच राहिला. “रोज विचार. तू येत राहावंस, असं वाटतं…”

आता आमची मुलगी तीन आठवड्यांची आहे. ती झोपली की मी तिचा श्वास मोजत बसते. काल ताई आली. पाळणा ओलांडून थेट माझ्याकडे. “तू कशी आहेस गं?” मला मान वर करवेना.

तुमच्या ओळखीत कुणी नवी आई असेल, तर आज जाऊन या. पाळण्यात नंतर डोकावा. आधी तिची चौकशी करा… आणि ती जे सांगेल, ते तिचंच राहू द्या.