पाचव्या मजल्यावरचा पिस्ता रंग

प्रत्येक शहराला एक आत्मा असतो आणि त्या आत्म्याला स्वतःचा असा एक रंग असतो. कैरोचा रंग मातकट आहे. आत्म्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. वाळवंट जवळ आहे, आणि घराला बाहेरून गिलावा करण्याची आमच्याकडे पद्धत नाही. माणूस घर बांधतो ते आतून. आत गुलाबी भिंती, छताला सोनेरी वेलबुट्टी, बैठकीत राजवाड्यात शोभतील अशा खुर्च्या. बाहेर नुसत्या उघड्या विटा. बाहेरची बाजू शेजारी बघतात, तिच्यावर आपण का खर्च करायचा?

म्हणून रिंग रोड रुंद करायला काढला आणि आड येणाऱ्या इमारती वड्या पाडाव्यात तशा उभ्या कापल्या, तेव्हा शहराला पहिल्यांदाच कळलं की आपण आतून किती रंगीत आहोत. एकेका मजल्याचा एकेक रंग उघडा पडला. कुणाचं मोरपंखी स्वयंपाकघर, कुणाची लालभडक न्हाणी, एका भिंतीवर तर आरसाही तसाच टांगलेला. मिनीबसमधली माणसं कामावर जाता-येता परक्यांच्या झोपायच्या खोल्यांत डोकावू लागली आणि महिन्याभरात त्यांना त्याचाही कंटाळा आला.

इनासला कंटाळा आला नाही. ती या खोल्यांचे फोटो काढायची.

पोटासाठी ती एका स्टुडिओत साखरपुड्यांचे फोटो काढत असे. मागे बर्फाच्या डोंगरांचा पडदा, पुढे घामेजलेलं जोडपं. मग संगणकावर मुलीचा रंग दोन छटा उजळ करायचा आणि मुलाच्या डोक्यावर थोडे केस लावायचे. दुसऱ्यांची लग्नं रंगवता रंगवता तिची स्वतःची तिशी उलटली होती. ती कायम राखाडी कपडे घालायची. भडक कपड्यांचा रंग समोरच्याच्या चेहऱ्यावर उतरतो, असं तिचं म्हणणं होतं. तिच्या आईचं म्हणणं होतं की, समोर कुणी येईल तर उतरेल ना!

हिवाळ्यातल्या एका दुपारी ती रस्त्याच्या कडेला कॅमेऱ्याचं तिकाटणं लावून उभी होती. समोरच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर अर्धी खोली उरली होती. खोलीची भिंत पिस्ता रंगाची होती, आणि जिथे पोपडे निघाले होते तिथे आत आणखी काहीतरी दिसत होतं. भिंतीचा अर्धा भाग मात्र निळ्या प्लॅस्टिकच्या पडद्याआड होता. ती भिंगातून नीट बघू लागली, तेवढ्यात मागून अदबीचा आवाज आला —

"उस्ताझा, जरा डावीकडे घ्या. उजवीकडे माझी चड्डी वाळतेय."

इनासनं भिंगावरून डोळा न काढता पाहिलं. "पायजमा आहे."

"फार मोठ्या मनानं बघताय तुम्ही."

ती वळली. पांढरा कोट घातलेला एक माणूस ताअमियाच्या वड्यांचं सँडविच खात उभा होता. कोटावर तिळाच्या ताहिनाचा डाग.

"डॉक्टर आहात?"

"कॉमर्सचा पदवीधर आहे. चष्म्याच्या दुकानात असतो. कोटामुळे सगळे डॉक्टर म्हणतात, आणि मीही कुणाचं मन मोडत नाही." त्यानं सँडविच दुसऱ्या हातात घेतलं. "रिफअत. आणि ती माझी झोपायची खोली. म्हणजे होती. आता ती सगळ्या कैरोची आहे."

"छान रंग आहे…"

"कुठला?" तो म्हणाला. "तिथे तीन आहेत."

ते तीन रंग कुठून आले ते त्यानं पुढच्या आठवड्यात, पुलाखालच्या चहाच्या टपरीवर सांगितलं. आमच्याकडे घर मुलाचं असतं, पण भिंती मुलीच्या पसंतीच्या. मुलानं मुलीला "भिंतींना कोणता रंग?" असं विचारलं की मागणी घातली असं समजतात. बाकीचं वडीलधारी मंडळी बघून घेतात. रिफअतनं हा प्रश्न तीनदा विचारला होता. पहिलीनं गुलाबी सांगितला. ते लग्न फ्रिज केवढा घ्यायचा यावरून मोडलं. दुसरीनं फिरोजा सांगितला. ती कुवेतला नोकरी असलेल्या माणसाबरोबर कुवेतला गेली. तिसरीनं पिस्ता. तिच्या वडिलांनी रस्ता कुठून जाणार याचा नकाशा पाहिला आणि म्हणाले, "बेटा, अर्ध्या खोलीत पूर्ण संसार होत नाही."

"बरोबर बोलले," इनास म्हणाली.

"तुम्ही माझ्या बाजूनं आहात की त्यांच्या?"

"मी उजेडाच्या बाजूनं आहे." तिनं पुदिन्याचं पान ग्लासात दाबलं. "पहिला थर कधी लावला होता?"

"का?"

"रंगाचं वय विचारतेय… तुमचं नाही."

तो हसला. हसताना तो खाली बघायचा, ही गोष्ट तिनं टिपून ठेवली. कॅमेऱ्यानं नव्हे.

मग ती दर दोन-चार दिवसांनी येऊ लागली. उजेड बदलतो, असं कारण होतं. पाचव्या मजल्यावर उरलेल्या दोन खोल्यांत रिफअत आणि त्याची आई राहत होते. आईला सगळे मानानं हाज्जा नईमा म्हणत. पहिल्या दिवशी तिनं इनासला नखशिखान्त न्याहाळलं.

"कुणी वारलंय का घरात?"

"नाही, हाज्जा."

"मग हे काय घातलंयस? उड्डाणपूल दिसतेस." आणि तिच्या ताटात कोबीच्या पानांतला भात वाढत म्हणाली, "खा. पुलाला आधार पाहिजे."

अर्धी खोली मागच्या दाराआड होती. पलंग अजून तिथेच होता. तीन पाय फरशीवर, चौथा विटांवर. पुढे भिंतच नाही. खाली ट्रक, वर आभाळ. इनास पलंगाच्या कडेला बसून पोपडे बघायची. पिस्त्याखाली फिरोजा, फिरोजाखाली गुलाबी. सगळ्यावर धुळीची साय.

"मेलेत हे रंग," ती एकदा म्हणाली. "धुळीनं. ओले झाले तर जागे होतील."

"मी पाणी मारू?"

"बादलीनं ओघळ येतात. पाऊस पाहिजे. सगळीकडून सारखा." ती थांबली. "पाऊस आला तर… तो पडदा काढशील?"

"पाऊस आला की लोक पडदा लावतात, इनास."

"म्हणूनच विचारतेय."

तिनं त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं, आणि त्यानं पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं. दोघंही भिंतीकडे बघत राहिले, जणू भिंतच काहीतरी बोलली होती.

या काळात रिफअतच्या ओठांवर तो प्रश्न अनेकदा आला. दुकानात तो लोकांना "कुठलं अक्षर दिसतंय?" असं दिवसभर विचारायचा, पण इनाससमोर त्याला "भिंतींना…" याच्या पुढे जाता येत नव्हतं. एकदा तो म्हणालाही, "भिंतींना…"

"भिंतींना काय?" इनासनं कॅमेरा खाली केला. तिचे कान तापले होते.

"…ओल आहे थोडी."

"आहे," ती म्हणाली आणि कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. विचारायला त्याच्याकडे एकच खोली होती, तीही अर्धी. उरलेल्या अर्ध्याला विटांची भिंत घालून तिथेच संसार मांडायचा, हे त्यानं मनात ठरवलं होतं. ती भिंत झाली की विचारायचं. तेवढी खोली त्याच्या हातात होती. दुसरं काहीच नव्हतं.

कैरोत वर्षभरात पाऊस जेमतेम येतो, आणि येतो तोही स्वच्छ येत नाही. हवेतली सगळी धूळ घेऊन उतरतो. गाड्यांवर आधी चिखलाचे ठिपके पडतात आणि मग पाणी. त्या शुक्रवारी नमाजानंतर आभाळ शिशासारखं झालं आणि इनासचा फोन वाजला.

"पडदा काढलाय," रिफअत म्हणाला. "ये."

ती धावत गेली. रस्त्याच्या कडेला घोट्यापर्यंत चिखल. वर पाहिलं — आणि ती क्षणभर कॅमेराच विसरली. चिखल धुऊन गेला होता आणि खरा पाऊस भिंतीवरून उतरत होता. पिस्ता ओल्या पानासारखा चमकत होता. जिथे तो फाटला होता तिथे फिरोजा, आणि त्याच्या आत, जखमेच्या नव्या कातडीसारखा, गुलाबी. आजूबाजूचं सगळं शहर राखेचं. आणि त्या रंगांच्या काठावर भिजलेला रिफअत, तिला हात करत.

"मागे हो!" ती ओरडली.

"चड्डी काढून ठेवलीय!" तो वरून ओरडला. मिनीबसमधली चार माणसं हसली. तिनं तेव्हाच फोटो घेतला.

मग तो खाली आला. दोघं पुलाखालच्या गाड्यावर उभे राहून गरम हुम्मुसचं, म्हणजे उकडलेल्या चण्यांचं, तिखट पाणी पीत होते. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. रिफअतला त्या दुपारी पडद्याची आठवण एकदा झाली होती. नेमकं तेव्हाच इनासनं त्याच्या बाहीवरचा चिखल अंगठ्यानं पुसला. आठवण गेली.

आमच्याकडे फरशीखाली वाळू असते. सिमेंटच्या स्लॅबवर वाळूचा थर आणि त्यावर फरशा. छपराखाली असतं तोवर हे बरं असतं. उघड्यावर ती वाळू पाणी पीत राहते, जड होत राहते, आणि वरून काही कळत नाही. स्लॅब तर आधीच अर्धा कापलेला होता. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर हाज्जा नईमा त्या खोलीत गेली. मुलानं काढलेला पडदा परत बांधायला. दाराच्या चौकटीला तिचा एक हात होता, म्हणून ती वाचली. खुब्याचं हाड मोडलं. पलंग आणि जमीन पाच मजले खाली गेली. भिंत मात्र काही वेळ तशीच उभी होती. संध्याकाळी तीही गेली.

इमारत धोक्याची ठरली. सगळ्यांना बाहेर काढलं, आठवड्यात ती पाडली, आणि रस्त्याकडेच्या उरलेल्या सगळ्या इमारतींना यंत्राची शिडी पोचेल तिथपर्यंत पिवळट रंग फासला. रिफअतला वाळवंटातल्या नव्या वसाहतीत घर मिळणार होतं. तोवर आई शुब्रा भागात मावशीकडे, पलंगावर. त्यानं इनासला फोन केला नाही. इनासनंही केला नाही. फोटो तिनं बरेच दिवस उघडूनही पाहिला नाही.

शेवटी ती बसबूसाचा, रव्याच्या मिठाईचा, डबा घेऊन शुब्रात गेली. रिफअत दुकानात होता. हाज्जानं तिच्याकडे पाहिलं.

"तुला रंग पाहिजे होता. मिळाला?"

इनासनं मान खाली घातली. "मिळाला, हाज्जा."

"कसा आला?"

"…चांगला आला."

"दाखव."

इनासनं फोनवर दाखवला. हाज्जानं फोन नाकाजवळ नेला, बराच वेळ बघितला.

"पलंगावरची चादर धुवायची होती," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील." मग फोन परत देताना, "मुलगा मात्र हसतोय. त्या तिघींच्या वेळी हसला नव्हता. डबा तिथे ठेव. आणि रडायचं असेल तर बाहेर, मला हालता येत नाही."

तो फोटो शहराच्या मध्यभागी एका दालनात लागला. उद्घाटनाला बरीच माणसं होती. एक दाढीवाला गृहस्थ फोटोसमोर उभा राहून आपल्या मैत्रिणीला सांगत होता, "इथे रंग म्हणजे प्रतिकार आहे."

"इथे रंग म्हणजे माझी झोपायची खोली आहे," शेजारून कुणीतरी म्हणालं. पांढरा कोट. इनास वळली.

गृहस्थ निघून गेला. दोघं फोटोसमोर उभे राहिले. नेहमीसारखेच, भिंतीकडे बघत.

"हाज्जानं पाठवलं?"

"मी स्वतः आलो. हाज्जानं फक्त कोट बदलू दिला नाही. म्हणाली, डॉक्टर दिसतोस."

"रिफअत, मी त्या दिवशी…"

"पडदा मी काढला."

"मी सांगितलं म्हणून."

"सांगितलंस तू, ऐकलं मी. हुम्मुसचा दुसरा ग्लास तर मीच मागवला." तो खाली बघत होता, पण हसत नव्हता. "त्या खोलीला भिंत घालून झाली की तुला एक विचारायचं ठरवलं होतं. आता विचारताच येत नाही. तिकडे घरं रंगवूनच देतात. पिवळट. रंग बदलायची परवानगी नाही. मी विचारून आलो."

"ते विचारून आलास?"

"कार्यालयात सगळे हसले."

इनासनं बोटावरची अंगठी नसलेली जागा उगीच चोळली. "मग… दुसरं काहीतरी विचार."

तो विचारात पडला. त्याला तीन वेळा एकच प्रश्न विचारायची सवय होती. दुसरा सुचायला वेळ लागला.

"तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, असं म्हणतात," तो शेवटी म्हणाला. "आमचा तिसरा आहे. खालून बादल्या आणाव्या लागतील. आई पलंगावर… तुझा स्टुडिओही लांब पडेल. दोन बस बदलून." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "चालेल?"

"चालेल."

"नीट विचार करून—"

"चालेल म्हटलं ना, डॉक्टर."

साखरपुडा मावशीकडे झाला. हाज्जानं पलंगावरूनच जिभेनं आनंदाचे चीत्कार काढले आणि मग दुखतंय म्हणून शिव्या दिल्या. वसंतात ते राहायला गेले. पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंतही चढत नाही, हे तिथे गेल्यावर कळलं.