विहिरीवरच्या रेघा

"एका रात्रीत सात नारळ पडले, काकी! भूत नाही तर काय? उद्या माड तोडतो म्हणजे तोडतो!"

"सात पडले म्हणून भूत? तुझंच कॉलेजचं पुस्तक वाच जरा, तेजस. चौथीत शाळा सुटलेली बाई मी, मी वाचलंय!"

हिलरीकाका त्या संध्याकाळी भुईगावला, सावित्रीबाईंच्या वाडीत केळीचं रोप मागायला गेले होते. काकी-पुतण्याचं हे भांडण त्यांच्या डोळ्यांदेखतचं. अंधार पडला की पोरांना ते शपथेवर सांगतात.

विहिरीमागचे अकरा माड सावित्रीबाईंच्या नवऱ्यानं, नरहरीनं लावलेले. या घरात नारळ पाडत नसत. रात्री पडतील तेवढे सकाळी उचलायचे, विहिरीच्या कठड्यावर कोळशाने तितक्या रेघा ओढायच्या, मग वहीत उतरवायच्या. नरहरी डावखुरा, त्याच्या रेघा उलट्या कललेल्या. तो गेला, कोळसा सावित्रीबाईंच्या हाती आला.

"वहीत अकरा वर्षं आहेत. रात्रीला सरासरी दोन," त्या कडाडल्या. "तुझ्या पुस्तकातल्या पॉयसनच्या शक्यतेच्या सूत्रात घाल. सात किंवा जास्त, दोनशेवीस रात्रींत एकदा. म्हणजे वर्षातून एखाद-दुसऱ्या रात्री पडायचेच! त्यात भूत कुठनं आलं?"

"मग मोज दहा रात्री. आकडा पुस्तकासारखा वर-खाली झाला, तर माड राहतील."

"राहतीलच!"

पहिल्या रात्री दोन. दुसऱ्या रात्री दोन. तिसऱ्या... दोन.

नवव्या सकाळीही दोनच. सावित्रीबाईंनी गणित मांडलं आणि त्यांचा हात थांबला. वाऱ्याला एवढी शिस्त नसते. दहाव्या रात्रीही दोनच पडले, तर ते पावणेपाच लाखांत एकदा.

दहावी रात्र. मंगळवार, २१ नोव्हेंबर २०२३. साक्षीला हिलरीकाकांना बोलावलं, तिघं ओट्यावर बसले.

एक वाजून दहा मिनिटं. धप्प.

एक.

तीन वाजले. चार वाजले. काही नाही... फटफटलं.

"एकच!" सावित्रीबाई ताडकन उठल्या. "जिंकले मी!"

टॉर्च घेऊन मागे गेले. माडांखाली नारळ... दोन.

दुसऱ्याचा आवाज कुणीच ऐकला नव्हता.

आणि कठड्यावर दोन रेघा. ताज्या. उलट्या कललेल्या.

तेजस मागे सरला. "काकी... आत्ताच्या आत्ता तोडतो."

सावित्रीबाईंनी रेघांवरून बोट फिरवलं. काळं झालेलं बोट त्याच्यासमोर धरलं.

"तोड की! नारळ संपले, की तुझा काका तुझ्या घरातली माणसं मोजायला बसेल."