माय बोलतीय

तेजश्री, जपानचा व्हिसा आला म्हणून आज पेढे वाटलेस, तवापासून मनात घोळतंय. सांगू का नको? तुला भेव घालायला न्हाई सांगत. घडलंय ते घडलंय. बसा सगळे जवळ.

धर्मापुरीचा धर्मराज माझा शाळेतला दोस्त. त्याचा भागवत ओसाकाकडं जपानी शिकायला गेलता. सकाळी भाषेची शाळा, रात्री डबे भरायच्या कारखान्यात काम. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्याची मोठी परीक्षा होती. ती निघाली की नोकरी तिथंच. धर्मराज सगळ्या गावाला सांगत फिरायचा.

परीक्षेच्या आदला दिवस. दोन डिसेंबर दोन हजार तेवीस, शनवार. धर्मराज आन् त्याची लेक मनिषा मोटरसायकलवर अंबाजोगाईला गेलते, मृत्यूचा दाखला आणायला. काम व्हायला सांज झाली. पोरीनं डझनभर केळी घेतली आन् निघाले परत.

दाखला कुणाचा? भागवतच्या मायचा. मनकर्णावैनीचा. जाऊन चौदा दिवस झालते. आन् भागवतला पत्ता नव्हता.

वैनी दवाखान्यात तीन दिवस होत्या. शेवटच्या दिवशी सारखं एकच म्हणायच्या, "भागवतला फोन लावा. एकदा आवाज ऐकू द्या." मनिषानं लावला. तिकडून पोरगं "हॅलो, हॅलो" म्हणायलंय, आन् धर्मराजनं पोरीच्या हातातून फोन घेऊन बंद केला. वैनीच्या डोळ्यांदेखत. म्हणला, "परीक्षा हाय त्याची. रडून वाटोळं करू नको पोराचं."

अर्ध्या तासात वैनी गेल्या.

दहावा, तेरावा उरकला. भागवतला कळवायचं न्हाई म्हणून गावाला ताकीद दिली. आन् मनिषाला मायचा आवाज काढायला लावला. तिचा आवाज हुबेहूब मायसारखा. रोज सांजच्याला धर्मराजच्या फोनवर पोराचा फोन यायचा. "माय, जेवलीस का?" मनिषा म्हणायची, "जेवले रं बाळा." फोन ठेवला की मोरीत जाऊन ओकायची. बाप म्हणायचा, "परीक्षेपुरतं."

तर त्या शनवारी त्यांनी वाटेतलं घाटनांदूर सोडलं. रातचे सव्वाआठ वाजले व्हते, म्हणजे जपानात पावणेबारा. दोन्ही अंगाला ऊस. फोन वाजला. धर्मराजनं गाडी कडंला घेतली आन् फोन स्पीकरवर टाकून पोरीच्या हातात दिला.

"बाळा, उद्या पेपर हाय ना? नीट लिही."

"कोण बोलतंय?"

"माय बोलतीय रं."

"मनिषा, चेष्टा कावून करतीस? मायशी आत्ताच बोललो मी. घंटाभर. आबांना दे फोन."

"...कुठल्या फोनवर?"

"तिच्याच की."

वैनीचा फोन मनिषानं सरणावर ठेवलता. जळताना बघितलता.

"काय... काय म्हणली माय?"

"म्हणली, दार उघडं ठेव. येते."

धर्मराजनं फोन हिसकला. "भागवत! दार लाव! तुझी माय... तुझी माय गेली रं. चौदा दिवस झाले."

पोरगं हसलं. "काय बोलता आबा. ती हितं बसलीय. माझ्यापाशी."

वारं नव्हतं. उसाचं पान हालत नव्हतं.

फोनात बाईचा आवाज आला. हळू. दमलेला.

"आता ठिवा फोन."

...

मेला का? न्हाई. मेला असता तर बरं, असं धर्मराज सवता म्हणतो. सकाळी शेजारच्या पोरांना भागवत सापडला. दार सताड उघडं, कडाक्याच्या थंडीत दारातच बसलेला. अंगाला काही झालं नव्हतं. फकस्त मराठी गेलती. सगळी. जपानी घडाघडा बोलतो, मराठीचा एक शब्द कळत न्हाई. लई डाक्टर झाले.

घरी आणला तवा त्यानं दारात बूट काढले, नीट जोडून ठेवले, आन् बापापुढं कमरेत वाकला. परक्या माणसापुढं वाकतात तसा. धर्मराजनं पोराचे पाय धरले. चुकलो म्हणला, तिला तुझा आवाज ऐकू दिला न्हाई म्हणला, धाय मोकलून रडला. पोरगं मान हालवत शांत ऐकत व्हतं. काही कळलं न्हाई त्याला. आजूनबी रोज तसंच.

त्याच्या सामानात एक वही आली. तिचं शेवटचं पान जपानीत भरलेलं. धर्मराजनं ते माझ्याकडं दिलं. भागवतला पहिल्यांदा जपानी शिकवलेल्या बाई अंबाजोगाईत राहतात, त्यांना मी दाखवलं.

बाईंनी पान उजेडाला धरलं. म्हणल्या, "हे भागवतचं अक्षर नाही. पानभर एकच नाव आहे. वरच्या ओळी वाकड्यातिकड्या, पहिल्यांदाच हातात पेन धरल्यासारख्या. खाली येईपर्यंत मात्र अक्षर सरळ झालंय."

मग मला विचारलं, "सुंदरराव, हे धर्मराज कोण?"

मनकर्णावैनी जिथं तिथं अंगठा लावायच्या. आन् नवऱ्याचं नाव त्यांनी जल्मात कधी घेतलं नव्हतं.