वीतभर पोकळी

ती त्या गल्लीत गेली ती फक्त माप घ्यायला. सूतगिरणी बंद पडली, माणसं पांगली, रिकामी घरं एकेक करून पाडली गेली. उरलेल्या घरांच्या मधल्या मोकळ्या जागांत नवी अरुंद घरं बसवायची आणि गल्ली पुन्हा नांदती करायची, हे आता तिचं काम. रिकामी जागा दिसली की आर्किटेक्ट माणसाचे हात शिवशिवतात, तिचेही शिवशिवत होते.

पहिल्याच जागेला लागून एक काकू एकट्या राहत. त्यांच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पाडलेलं घर अजून चिकटून होतं. जिन्याची तिरकी खूण, फळीची भोकं, आणि वर माडीच्या उंचीवर फिकट निळा रंग.

"ती माझ्या ताईची खोली," काकू म्हणाल्या. "दोघी गिरणीत एकाच पाळीला. दिवेलागणीला ती तिकडून भिंत वाजवायची, मग मी इकडून. म्हणजे आपलं बरं चाललंय, एवढंच. ती गेली, घर पाडलं... पण ती वाजवते अजून."

तिनं मान डोलावली. एकट्या माणसाला असा काहीतरी आधार लागतोच, तिला वाटलं.

अंधारून आलं. मोकळ्या जागेत ती टेप गुंडाळत होती, तेव्हा वरून आवाज आला. टक्... टक्. बोटाच्या पेरांचा, हलका. निळी पूड तिच्या बाहीवर पडली. वर उभं राहायला जमीनच नव्हती. जरा वेळानं भिंतीमागून काकूंचं उत्तर आलं. ती घाबरली, पण त्याहून जास्त तिला रडू आलं.

काकू दारात येऊन उभ्या होत्या.

"ऐकलंस ना? मग एवढं कर पोरी. भिंत एकच राहू दे. आमच्या मधे काही आणू नकोस."

"नाही आणणार, काकू."

शब्द देऊन ती मोकळी झाली. पण इंजिनिअरनं भिंत ठोकून पाहिली आणि साफ सांगितलं, ही नव्या घराचा भार घेणार नाही. नवी भिंत वेगळी उभारायची, मधे वीतभर पोकळी ठेवायची आणि तीत कापसासारखा भराव घालायचा. "आवाजही जाणार नाही. लोकांना हेच तर हवं असतं," तो खुशीत म्हणाला. ती भांडली आणि हरली. काकूंपुढे मात्र तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली.

भिंत चढली तसं वाजणं थांबलं. गवंड्यांच्या गडबडीत ताई बुजली असेल, काकू म्हणत राहिल्या.

घर तयार झालं. दुसऱ्या दिवशी एक जोडपं तान्ह्या बाळासह राहायला येणार होतं. दिवेलागणीला ती काकूंच्या माडीवर गेली. काकू भिंतीला तळवा टेकून बसल्या होत्या. खूप वाट पाहून त्यांनी आपणच वाजवलं. काहीच नाही.

"रुसली असेल," काकू म्हणाल्या.

तिला राहवेना. तिनं सगळं सांगून टाकलं, वेगळी भिंत, मधली पोकळी, भराव. काकू रागावल्या नाहीत.

"मग ती आता कुठं आहे गं?"

ती उठली आणि नव्या घराच्या माडीवर धावत गेली. खोली रिकामी, रंगाचा वास कोंडलेला. दिवा लावायच्या आधीच तिला ऐकू आलं. नव्या भिंतीच्या आतून कोणीतरी थापा मारत होतं. तळहातानं, घाईघाईनं, कधी वर, कधी अगदी खाली... अंधारात दार शोधावं तसं.

"ताई..." तिनं हळूच म्हटलं आणि पेरांनी भिंत वाजवली. काकू वाजवायच्या तशी.

थापा थांबल्या. मग तेच जुनं, हलकं टक्... टक्. बरं चाललंय.

पलीकडच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला, "वाजलं का गं काही?"

तिनं दिवा लावला. भिंत पांढरीशुभ्र होती, कुठं चीर नव्हती. खाली, बाळाचा पाळणा ठेवायच्या जागी, नव्या फरशीवर निळी पूड सांडली होती.