हाताचं माप

श्रावणातली सर अशी अचानक कोसळली की शंकराला घालायचं तांब्यातलं पाणी पदराखाली धरून मी गजाच्या छपरात शिरले. चौऱ्याहत्तर साल. कर्जतजवळ, आमच्या दहिवलीत बसून गजा मुंबईच्या रॉकवाल्यांसाठी गिटारी घडवायचा. ज्याची गिटार, त्याच्याच हाताच्या मापाची.

फळीवर कागद होता. त्यावर पेन्सिलीनं गिरवलेला हात.

"ठेव की तुजा हात. चावत नाय तो," गजा हसला.

मी ठेवला... नखापर्यंत तंतोतंत बसला.

गजाचं हसू विरलं.

"कुनाचा हाय रं?"

"वांद्र्याची फिलोमिना. बेस गिटार वाजवायची, जाड तारांची. माप देऊन गेली अन् चैतात वारली गं... भावाला तिच्याच मापाची गिटार हवीय."

कागद बर्फासारखा गार होता.

तरी मी रोज जाऊ लागले. "मान मुठीत बसती का बघ," तो म्हणायचा.

"गिटारीची का तुजी?"

"दोनी बसल्या!"

पण घरी जपाला बसले की बोटं माळेवर ठरेनात. मांडीवर चालत राहायची... एकच चाल, दरवेळी एकाच जागी थबकणारी. एकशे आठ मणी पुरे होईनात. सातव्या वर्षापासूनचा माझा नेम! मला माझ्याच हाताची भीती वाटू लागली.

गजाला सांगितलं. त्यानं हातोडा उचलला. "मोडून टाकतो ही गिटार."

"तीन महिन्यांचं काम हाय तुजं!"

"असू दे. तू त्याच्याहून जास्त हायस."

मी त्याचं मनगट धरलं. "अर्ध्या व्रताला उद्यापन लागतं, गजा. तिचं काय तरी अर्धं राहिलंय."

फिलोमिनाचा भाऊ गिटार न्यायला आला, तेव्हा मी बेस मांडीवर घेतली, डोळे मिटले. बोटं चालली... थबकली. पागोळ्यांचा आवाजही थांबला. मी मनात नाम घेतलं.

बोटं पुढे निघाली.

"हे तिचंच गाणं," भाऊ पुटपुटला. "पण शेवट... शेवट तिला सापडलाच नव्हता."

जाड तार कितीतरी वेळ थरथरत राहिली. मग माझ्या हातातून एक गार हात हलकेच निघून गेला, ओली बांगडी सरकावी तसा.

भाऊ गिटार घेऊन गेला. गजानं माझा पंजा घट्ट धरला.

"हिरू... हिरूच ना गं?"

"मंग कोन? सोड, दुखतंय."

"नाय सोडत. पुन्यांदा कुनी शिरलं मंजे? लगीन कर माज्याशी."

मी हात ओढून पाहिला. सुटेना.

मग मीच ओढणं सोडलं.