गोरक्षची ड्युटी

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. पण मी स्वतः तिथं होतो.

मी सुदर्शन, पिंपरी पेंढारचा. ही गोष्ट गेल्या दिवाळीनंतरची, भर दुपारची. जागा परदेशातल्या एका बेटावरचं विमानतळ. नाव लिहीत नाही. आधी तिथं कोळ्यांची वस्ती होती म्हणे. मग समुद्रात भराव टाकून धावपट्टी केली. आता एकामागून एक विमानं उतरतात.

माझा चुलतभाऊ गोरक्ष तिथं व्हीलचेअर ढकलायच्या कामाला होता. गर्दी वाढली, नवी इमारत झाली, जुनी बंद केली.

त्याच आठवड्यात गोरक्ष गायब झाला.

ठेकेदार फोनवर म्हणाला, "काम सोडून पळाला."

गावानंही तेच धरलं. तिकडं बाई ठेवली असेल, इथपर्यंत बोलून झालं.

शेवटी त्याचे वडील, आमचे बिरदेवनाना, आणि मी चौकशीला गेलो.

नानांना फार चालवत नाही, म्हणून तिकिटावर व्हीलचेअर लिहून घेतली होती. विमानाच्या दाराशी एक जण व्हीलचेअर घेऊन उभाच होता. निळा गणवेश, तोंडाला मास्क. एक शब्द बोलला नाही. नानांना बसवलं आणि निघाला.

मी मागे. चाकाचा आवाज येत होता... चर्र... चर्र...

बुटांचा आवाज मात्र एकाच माणसाचा.

माझा.

पिशवी सावरायला वाकलो. वर बघतो तर...

कुणीच नाही.

समोर पत्र्याची भिंत. तिच्या दाराला कुलूप.

आणि भिंतीमागून शीळ आली... मेंढरं वळवताना आमच्यात घालतात तशी.

मी ओरडलो. सिक्युरिटीवाल्यानं कुलूप काढलं. आत जुनी इमारत. बंद काउंटर, वीतभर धूळ. मधोमध खुर्चीत नाना. एकटेच.

धुळीत चाकांच्या दोन रेघा होत्या. पावलाचा ठसा एकही नव्हता.

"नाना, कुणी आणलं तुमाला?"

"गोरक्षनं. म्हणला, हितंच थांबा. ड्युटी संपली की जाऊ घरी."

नाना उठेनात. धरून उठवावं लागलं.

विमानतळाच्या ऑफिसातल्या बाईंनी हसून पाणी दिलं. पळून गेलेल्या माणसाची जबाबदारी आमची नाही म्हणाल्या. त्या जुन्या इमारतीत तरी त्याला शोधा म्हटलं, तर म्हणाल्या, ती लवकरच पाडणार आहेत.

परतताना नाना एवढंच बोलले, "मेल्यावर तरी सुट्टी द्यायची व्हती रं."

गोरक्षची आई, बाळाबाईकाकू, सगळं ऐकून मेंढरांमागं निघून गेली. गेल्या आठवड्यात मात्र घरी आली.

"सुदर्शन, माझा बी पासपोर्ट काढ. तिकिटावर लिव्ह, बाईला चालता येत न्हाई."

"काकू, तुमी तर दिवसभर मेंढरांमागं चालता."

"तू लिव्ह. आन् लवकर कर. इमारत पाडली तर त्यानं मला कुठं न्यायचं?"

ती रोज विचारायला येते...