रांगेतला शेवटचा माणूस

ग्रेडी, तू त्या खुर्चीत बस. ही माझी. मला दार समोर लागतं, त्यात तुझा काही दोष नाही. हातमोजे त्या तारेवर टाक, शेगडीच्या उबेने सकाळपर्यंत वाळतील. कॉफी कडू झालीय, पण जहाजावर तुम्ही जे काही प्यायचात त्यापेक्षा बरी असेल.

आर्वो आत घोरायला लागला बघ. म्हातारा आडवा झाला की लगेच गायब होतो, मला त्याचा हेवा वाटतो. जेवताना तो तुला म्हणाला, उद्या जंगलात मी हात वर केला की प्रत्येकाने वळून मागच्याचं तोंड बघायचं. तू विचारलंस, हा काय पोरखेळ? तर तो नुसता मांसाची पेस्टी चावत राहिला. त्याला ही गोष्ट काढलेली आवडत नाही. मलाही आवडत नाही, पण उद्या तू माझ्या मागे चालणार आहेस, तेव्हा तुला माहीत असलेली बरी.

आधी या जागेचं सांगतो. आर्वो सैन्यात सार्जंट होता. सुटून घरी आला तो घरात बसेना. सारखा उठून कुंपण तपासायचा. शेवटी बायको वैतागून म्हणाली, पहाराच द्यायचाय ना, मग जंगलात जाऊन दे, निदान येताना काहीतरी खायला तरी आण. तो गेला आणि हरीण घेऊन आला. पुढच्या हिवाळ्यात त्याने कॉरीनला नेलं. ती त्याच्याच पलटणीत जखमींवर मलमपट्टी करायची, परत आल्यावर तिला कोणाच्या हाताला हात लावणंही जमत नव्हतं. मग मला नेलं. मी तेव्हा दुकानाबाहेर गाडीत बसून राहायचो, आत गर्दी किती ते बघत, आणि दूध न घेताच घरी जायचो.

इथे पहिल्यांदा झाडाखाली बसलो तेव्हा कळलं की कान टवकारून बसणं, फांदी मोडली की श्वास रोखणं, हा इथे आजार नाही. इथे ते काम आहे. मांस गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाटतो आपण. मिसेस हाकाला म्हणून एक आहेत, त्या आमची गाडी दिसली की पातेलं घेऊनच दारात येतात. कोणीतरी आपली वाट बघतंय, असं मला फार दिवसांनी वाटलं. त्या दिवशी मी गाडीत बसून रडलो. हसू नकोस, तुझीही पाळी येईल.

थांब, एक लाकूड घालतो. वारा पडला की मला उगाच अस्वस्थ वाटतं. वारा असला की आवाजाला कारण तरी असतं.

तर मोजणी. तू नौदलातला, बोटीवरचा माणूस, तुला हे ठाऊक नसणार. आम्ही पायदळातले अंधारात रांगेने चालायचो, बोलायचं नाही, दिवा लावायचा नाही. मधूनच पुढचा थांबून हात वर करायचा. मग सगळ्यात मागचा माणूस पुढच्याचा खांदा दाबायचा आणि हळूच म्हणायचा, एक. तो त्याच्या पुढच्याचा खांदा दाबायचा, दोन. असं करत आकडा म्होरक्यापर्यंत पोचायचा. बरोबर आला की पुढे चाल. वळून बघायचं काही कारणच नसायचं, खांद्यावर हात पडला म्हणजे मागे माणूस आहे. इथे आल्यावरही आमची ती सवय सुटली नाही. कशाला सुटेल? तिच्यामुळेच तर आम्ही जिवंत घरी आलो होतो.

टोबिनला त्याची बहीण इथे सोडून गेली. पोरगा हाडकुळा, डोळे सतत खाली. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, याला एकटं सोडू नका, बंदूक तर हातात देऊच नका. मी म्हटलं, बाई, ही शिकारीची जागा आहे. तिने माझं मनगट धरलं.

"मग परत आणा त्याला," ती म्हणाली. "बाकी काही मागत नाही मी."

मी शब्द दिला. अशा वेळी माणूस दुसरं काय करणार?

त्याचं दुखणं काय ते त्याने एका संध्याकाळी सांगितलं. तू बसलायस त्याच खुर्चीत बसून. अफगाणिस्तानात ते धुक्यातून एक डोंगर उतरत होते. रांगेत शेवटी हॉलिस नावाचा त्याचा जिवलग, त्याच्या पुढे टोबिन. उतरताना दोनदा-तीनदा मोजणी झाली. दर वेळी टोबिनच्या खांद्यावर हात पडला, एक ऐकू आलं, त्याने दोन म्हणून पुढे दिलं. आकडा दर वेळी बरोबर. छावणीच्या दारात पोचले तेव्हा हॉलिस नव्हता. सकाळी सापडला तो पार वर, कड्याखाली. पाय मोडलेला, हाका मारून घसा फुटलेला. पहिली मोजणी व्हायच्या आधीच तो पडला होता.

आता तूच सांग, पलटणीतल्या पोरांनी काय समजायचं? टोबिन झोपेत चालत होता, हात पडलाच नाही, त्याने सवयीने दोन म्हणून टाकलं आणि आता कातडी वाचवायला खोटं बोलतोय. कोणी त्याच्याशी बोलेना. खरं सांगू, मलाही तसंच वाटलं होतं. मी त्याला म्हटलंही, दमलेल्या माणसाला नाही नाही ते भास होतात, त्यात लाज कसली. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला तिथून उठावंसं वाटलं. लोकांनी त्याला खोटारडा म्हटलेलं तो सोसत होता, पण मी इतक्या प्रेमाने म्हटलेलं त्याला सोसलं नाही.

पण जंगल त्याला मानवलं. आर्वोने त्याला माग काढायला शिकवलं. पोरगा गुडघ्यावर बसून ठसे वाचायचा, कुठलं जनावर, कधी गेलं, लंगडत होतं का. जेवायला लागला. एकदा कॉरीनच्या टोपीवरून तिला चिडवलं, तर आम्ही तिघेही त्याच्याकडे बघतच राहिलो. आणि नोव्हेंबरात, दलदलीच्या पलीकडे, त्याने पहिलं हरीण मारलं. शिंगाळं, चांगलं दांडगं. त्याने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. आम्ही घाई केली नाही, आणि तिथेच उशीर झाला.

मांस पिशव्यांत भरून पाठीवर घेतलं तेव्हा उजेड सरत आला होता. बर्फ भुरभुरायला लागलं. दलदलीतून यायला एकच पक्की वाट आहे, एका माणसापुरती. पुढे आर्वो, त्याच्या कपाळावर दिवा. मग कॉरीन, मग मी. टोबिनला म्हटलं, तू माझ्या पुढे हो. ऐकेना. म्हणाला, शेवटची जागा माझी. ती जागा खरं तर हॉलिसची, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. मी वाद घातला नाही. आज घातला असता.

ओहोळावरचा ओंडका तू उद्या बघशीलच. एकेक करून ओलांडला. पाठीवर एवढं ओझं की मान वळेना, नुसता आपल्या बुटांकडे बघत चालायचं. मांसाचा आणि ओल्या लोकरीचा वास, आणि त्याखाली दलदलीचा. कुजलेल्या पाण्याचा तो वास एरवी बर्फ पडलं की दबतो, त्या दिवशी मात्र तो अगदी माझ्या मानेपाशी होता. जरा पुढे गेल्यावर आर्वोने हात वर केला. माझ्या खांद्यावर हात पडला. "एक." मी कॉरीनचा खांदा दाबला, दोन. तीन. आर्वो म्हणाला चार, आणि चालायला लागला. झाडं संपली तिथे पुन्हा मोजणी. पुन्हा हात. फाटकाशी पुन्हा. त्या वेळी तो हात खांद्यावर जरा जास्त वेळ राहिला. मला वाटलं, पोरगं दमलंय, आधार घेतंय. मला बरंच वाटलं. मनात म्हटलं, बहिणीला दिलेला शब्द पाळला.

ओसरीवर येऊन आर्वोने कंदील लावला. आम्ही तिघेच होतो.

"टोबिन कुठाय?" कॉरीनने विचारलं.

"मागे," मी म्हटलं. "आत्ता तर फाटकाशी…"

मग मी वळलो. फाटक उघडं होतं, आणि बर्फ पडत होतं.

ओझी टाकून आम्ही उलटे पळालो, दार तसंच सताड उघडं टाकून. आर्वो दिवा जमिनीकडे धरून पुढे. वाटेवर आमचे ठसे होते, आणि त्यांच्यावर चौथे. म्हणजे माझ्या मागून कोणीतरी चाललं होतं, ओसरीच्या पायरीपर्यंत. ते ठसे टोबिनचे नव्हते. त्याने आर्वोचे जुने रबरी बूट घातले होते, डाव्या टाचेला ठिगळ लावलेले. हे गुळगुळीत होते. माग काढत आम्ही ओहोळापर्यंत गेलो, आणि ओंडक्याच्या अलीकडे ते संपले. संपले म्हणजे, तिथून सुरू झाले होते. वाटेच्या मधोमध, दोन्ही पाय जुळवून कोणीतरी उभं राहिल्याचे ठसे. आजूबाजूला कोरं बर्फ. तिथे ते उभं राहिलं, आणि मग आमच्यामागून चालायला लागलं.

टोबिन पाण्यात होता. कमरेपर्यंत, पाय दगडांत अडकलेला, दोन्ही हातांनी ओंडक्याला धरून. ओठ निळे पडले होते. अजून थोडा उशीर झाला असता तर मी त्या बहिणीला काय तोंड दाखवलं असतं, देवच जाणे. बाहेर ओढला, कॉरीनने त्याचे कपडे फाडून काढले, स्वतःचं जाकीट त्याच्यावर घातलं आणि त्याचे दोन्ही हात आपल्या काखेत धरून चोळायला लागली. हात लावणं न जमणारी कॉरीन. तो सारखा काहीतरी सांगू बघत होता.

"मी हाका मारत होतो… तुम्ही समोरच होतात. दिवा दिसत होता मला."

"बोलू नकोस," कॉरीन म्हणाली.

"थांबलात तुम्ही. मोजलंत. चार म्हणालात… आणि गेलात."

मी विचारायला नको होतं. पण विचारलं, "एक कोण म्हणालं, टोबिन?"

"मी," तो म्हणाला. "माझाच आवाज होता, लेलंड. मी इथे पाण्यात, आणि तिकडून मी म्हणालो… एक."

त्याला खांद्यावर घालून आणला, सौनात, वाफेच्या खोलीतल्या कोमट फळ्यांवर झोपवला. रंग परत आला तसा तो छताकडे बघत हळूच म्हणाला, "म्हणजे हॉलिसनेही ऐकलं असणार. वर पडल्या पडल्या. स्वतःचाच आवाज." आणि मग जो रडायला लागला तो थांबेना. मी म्हटलं, तू खोटं बोलला नव्हतास. पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत राहिलो. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं, पण ते तरी मी आता खरं मानून देत होतो.

वाचला तो. पायाचं एक बोट गेलं, बाकी धडधाकट. आता गावातच राहतो, तुझ्यासारख्या नव्या लोकांना माग काढायला शिकवतो, उद्या येईल बघ. त्याची बहीण दर नाताळाला मला मोजे विणून पाठवते. आणि तेव्हापासून हा नियम, वळायचं आणि तोंड बघायचं. हॉलिसचं भूत असावं, असं आधी वाटायचं मला. पण हॉलिस असता तर त्याने मोजणी अडवली असती. हे जे काही आहे त्याला रांगेत कोणाची तरी जागा रिकामी लागते. आणि आकडा बरोबर आला की आपण मागे बघत नाही, हे त्याला कळलंय.

एक गोष्ट मात्र आर्वो कधी बोलत नाही. टोबिनला घेऊन आलो तेव्हा मी पायरीपाशी वाकून बघितलं. ते गुळगुळीत ठसे पायरीपर्यंत आलेले होते. परत जाणारे नव्हते. आम्ही दार उघडं टाकून गेलो होतो ना.

पण तू काळजी करू नकोस. आज तू शिकलासच की. मगाशी गाडीकडून सामान घेऊन आलो, पुढे आर्वो, मध्ये मी, मागे तू. माझ्या दोन्ही हातांत पेट्या, खांद्यावर तुझी पिशवी, मान काही वळेना. फाटकाशी आर्वोने सवयीने हात वर केला, तर तू लगेच माझा खांदा दाबलास. एक. मी दोन, आर्वो तीन. मनात म्हटलं, बोटीवरचा असूनही पोरगा तयार…

काय झालं? असा काय बघतोस?

हातमोजे आणायला?

कधी परत गेलास गाडीकडे? फाटकाच्या आधी… की नंतर?

आधी.

बरं. बस तिथेच. आवाज करू नकोस. मी दाराला कडी घालतो…

नको. राहू दे. आता आतून कडी घालून काय उपयोग.